सुप्याचे पाणी आणि हाडांची पुंजी

सुपे म्हटले की मराठी माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे आठवते. मी आज ज्या सुप्याविषयी बोलणार आहे, ते त्या सुप्याहून पुष्कळ दूर, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या दाट अरण्यात होते. ‘होते’ असे म्हणावे लागते, कारण काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले ते गाव आज पाण्याखाली आहे. गणेशगुडी येथे १९७४ साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९८७ साली ते पुरे झाले. १०१ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे पाणी साठू लागले, तसे सुप्याचे ठाणे जोयड्यास गेले आणि गावातील पुष्कळ कुटुंबे रामनगरास जाऊन राहिली. त्या कुटुंबांत आमचेही एक होते. मी तेव्हा तीन-चार वर्षांची होते.

बुडालेल्या गावाचा आणि हाडांच्या दुखण्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध असा, की माझ्या आईचे अर्धे आयुष्य सुप्यात आणि अर्धे रामनगरात गेले, आणि तिची हाडे या दोन्ही आयुष्यांचा हिशेब सांगतात. तो हिशेब वाचावयास आम्ही फार उशीर केला. आपणांपैकी कोणाच्या घरी तसा उशीर होऊ नये, एवढ्यासाठी हे भाषण आहे. मी वैद्य नव्हे, इतिहास शिकविणारी शिक्षिका आहे. म्हणून हा विषय मी इतिहासाच्या अंगानेच मांडणार आहे.

प्रथम जुन्या सुप्याकडे वळू. उत्तर कॅनरा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. राज्ये बदलली, तरी सुप्याच्या रानातील कुणबी, मराठे, गवळी, सिद्दी यांचा दिनक्रम फारसा बदलला नाही. डोंगरउतारावरील झाडी तोडावी, ती वाळवून जाळावी आणि त्या राखेत नाचणी पेरावी, अशी ‘कुमरी’ शेती या भागात पूर्वापार चालत असे. फ्रान्सिस बुकॅनन हा इंग्रज सरकारचा प्रवासी १८०१ साली उत्तर कॅनराच्या अरण्यातून गेला, तेव्हा त्याने या पद्धतीची नोंद केली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने कुमरीवर बंधने घातली, आणि नाचणीचे क्षेत्र आक्रसू लागले. तरीही सकाळची आंबील आणि रात्रीची नाचणीची भाकरी माझ्या आजीच्या पिढीपर्यंत घरोघरी होती. जोडीला रानातले कंद, परसातला शेवगा आणि कारवारकडून येणारी सुकी मासळी.

यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह आपण आवरला पाहिजे. सुप्याचे रान हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. घरातील स्त्री सर्वांच्या मागून जेवत असे आणि पातेल्याच्या तळाशी उरेल ते तिच्या वाट्यास येई. १९५१ च्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. सरासरी खाली ओढली जात होती ती मुख्यतः बालमृत्यूंमुळे, हे खरे. तथापि साठी-सत्तरी पाहणाऱ्या स्त्रियाही त्या काळी थोड्याच असत. म्हातारपणी ठिसूळ होणारी हाडे हे दुखणे आपल्या समाजात इतके दिसू लागले, याचे एक कारण हेच, की आपण आता म्हातारपणापर्यंत पोहोचू लागलो आहो. ही तक्रारीची गोष्ट नव्हे. परंतु वाढलेल्या वर्षांची तरतूद मात्र करावयास हवी.

ही तरतूद कशी होते, हे समजण्यासाठी मी माझ्या विद्यार्थिनींना सुप्याच्या जलाशयाचा दाखला देते. जलाशय पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात तेच पाणी पुरवावे लागते. हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. त्यात जुना भाग काढून टाकणाऱ्या पेशी आहेत आणि नवा भाग घडविणाऱ्या पेशी आहेत. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होत असतो. बालपणी आणि तरुणपणी घडण अधिक, मोड कमी. म्हणून साधारण तिसाव्या वर्षापर्यंत पुंजी साठते. पुढे काही काळ जमा आणि खर्च बरोबरीने चालतात. मग खर्च वाढतो. स्त्रियांची मासिक पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत तो फारच झपाट्याने वाढतो. आतील जाळी विरळ होते, बाहेरचे कवच पातळ होते, आणि एके दिवशी साध्या घसरण्याने हाड मोडते. यालाच वैद्यकात ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात. आपल्या परिभाषेत त्याला अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे सच्छिद्र होणे, असे नाव आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. गुडघे दुखू लागले की आपण सहज म्हणतो, ‘हाडे झिजली’. ती झीज बहुधा सांध्यातील कूर्चेची असते, आणि ती दुखते. मी सांगते आहे ती हाडांची तूट निराळी. ती दुखत नाही, सुजत नाही, कुरकुर करीत नाही. पहिले हाड मोडेपर्यंत ती मुकी असते. कधी पाठीचा मणका आपोआप दबतो, उंची एक-दोन इंचांनी कमी होते, पाठीला पोक येतो. आणि घरचे लोक म्हणतात, वय झाले, म्हातारपणी वाकायचेच.

‘वय झाले’ या दोन शब्दांनी माणसाने या दुखण्याची किती शतके बोळवण केली, हे पाहण्यासारखे आहे. सुश्रुताने हाडे मोडण्याचे प्रकार आणि ती सांधण्याचे उपाय तपशिलाने सांगितले आहेत. इतकेच नव्हे, तर ‘अस्थिक्षय’ अशी स्वतंत्र अवस्था मानून हाडांतील वेदना, दात आणि नखे तुटणे, रुक्षता अशी तिची लक्षणेही दिली आहेत. युरोपात १८२० नंतरच्या दशकात लंडनचे शस्त्रवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी लिहून ठेवले, की उतारवयात हाडे पातळ व हलकी होतात आणि त्यामुळेच वृद्धांची मांडी खुब्यापाशी मोडते. पुढच्या दशकात स्ट्रासबर्गच्या लोबस्टाइन यांनी या सच्छिद्रतेला नाव दिले. नाव मिळाले, पण कारण मिळाले नाही.

कारणाचा एक धागा मिळाला तो मुलांच्या दुखण्यातून. मुडदूस हा रोग अस्थिसुषिरतेहून वेगळा. त्यात हाड विरळ होत नाही, तर त्यात चुना नीट न भरल्याने ते मऊ राहते आणि वाकते. पण दोघांच्याही मुळाशी हाडाला लागणारा पुरवठा आहे, म्हणून ही कथा आपल्या कामाची. थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरने जपानात काही वर्षे काम केले होते. मायदेशी परतल्यावर त्याला जागोजाग मुडदूस झालेली मुले दिसली. जपानात असा रोग त्याच्या पाहण्यात आला नव्हता. त्याने हिंदुस्थान, चीन अशा देशांत काम करणाऱ्या वैद्यकीय मिशनऱ्यांना पत्रे पाठविली, उत्तरे जुळवली आणि १८९० साली मत मांडले, की कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हे आहे. त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा करून दाखविला. त्याच वर्षी इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून तोच रोग कॉडलिव्हर तेलाने टळतो असे सिद्ध केले. एकाने ऊन दिले, दुसऱ्याने तेल दिले, आणि गुण एकच आला. १९२२ साली अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी त्या तेलातील गुणकारी घटकाला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले.

हे सारे युरोप-अमेरिकेतील झाले. पण याच १९२२ साली आपल्या नाशिकनेही या इतिहासात एक पान लिहिले आहे, आणि ते मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही. हचिसन आणि शहा या दोघा वैद्यकांनी नाशिकमधील मुलांची व स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष विलायतेतील एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केले. त्या वेळेपर्यंत सामान्य समज असा होता, की मुडदूस हा गरिबीचा व निकृष्ट अन्नाचा रोग. नाशिकमध्ये उलटेच दिसले. ज्या सुखवस्तू घरांत दूधदुभते होते पण गोषा पाळला जात असे, त्या घरांतील मुले व तरुण माता या रोगाने ग्रासलेल्या होत्या, मग घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे. आणि ज्यांचे अन्न जेमतेम, परंतु दिवस शेतात उन्हात जात असे, अशा कष्टकऱ्यांची मुले त्यापासून बहुतांशी मुक्त होती. पुढे १९२८ साली डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी काश्मिरातील अनुभवावर पुस्तक लिहून तेच प्रतिपादन केले. पडद्यातील स्त्रियांची हाडे मऊ पडून कमरेचा सांगाडा आक्रसतो आणि बाळंतपणात त्यांच्या जिवावर बेतते. हाच तेथील दुर्दैवी क्रम होता.

नाशिकचा हा धडा मोलाचा आहे, परंतु अर्धाच आहे. तो वाचून कोणी म्हणेल, की मग सुप्यातील माझ्या आईसारख्या, उन्हात राबणाऱ्या स्त्रियांना कसली चिंता? आई लग्न होऊन सुप्यास आली ती एकोणीस वर्षांची. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन नदीवरून दिवसाला चार-पाच खेपा, शेतातील लावणी-कापणी, रानातून आणलेली मोळी, हे तिचे रोजचे काम. श्रमाने हाड बळकट होते हे खरेच आहे. यूलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्याने १८९२ साली मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बनते. वजनरहित अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातून दर महिन्याला एक टक्क्याहून अधिक अंश कमी होतो, हा त्याच नियमाचा दुसरा पुरावा. पण भिंत बांधणारा गवंडी कितीही कुशल असला, तरी चुना-विटाच न मिळाल्या तर त्याने काय करावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वर्षांच्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. या कष्टकरी घरच्या स्त्रिया होत्या. तरीही त्यांची हाडे वयाच्या मानाने फार लवकर विरळ झालेली आढळली. त्यांच्या आहारातील कॅल्शियम दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंतही पोहोचत नव्हते.

नाशिकची पाहणी सांगते की अन्न आहे पण ऊन नाही, तर हाड बिघडते. हैदराबादची पाहणी सांगते की नुसते कष्ट हाडाला तारीत नाहीत, अन्न हवे. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे समजते, की ऊन, श्रम आणि आहार यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. रामनगरास आल्यावर दारात नळ आला, स्वयंपाकघरात गॅस आला. आईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. आणि तो उतरला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर नाचणीही उतरली. रेशनचा तांदूळ स्वस्त, पांढरा आणि प्रतिष्ठेचा. नाचणी म्हणजे गरिबाचे काळे अन्न, असे आम्हां मुलांनाच वाटू लागले होते. आई घरात राहू लागली, आणि दुधाचा वापर चहापुरता उरला. २०१३ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ती अंगणात शेवाळावरून घसरली आणि तिने टेकलेला हात मनगटापाशी मोडला. एका दवाखान्यात हाड बसवून प्लॅस्टर घातले गेले. सहा आठवड्यांनी ते काढले, हात बरा झाला. आपल्याच उंचीवरून पडून हाड का मोडावे, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. आणि घरात शिकलेली मुलगी असून मीही विचारला नाही. आठ वर्षांनी, २०२१ साली, ती पलंगावरून उठताना पडली आणि तिचा खुबा मोडला.

ते मनगट म्हणजे आम्हांला आलेले पत्र होते. आम्ही ते न फोडताच ठेवून दिले. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मोडलेले पहिले हाड हे पुढच्या मोडण्याची सूचना असते, हे आज वैद्यकात निर्विवाद मानले जाते. त्याच वेळी तपासणी झाली असती, उपचार झाले असते, तर खुबा वाचला असताच असे मी म्हणत नाही. पण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती.

हाडाची घनता मोजणारे ‘डेक्सा’ यंत्र १९८७ च्या सुमारास वापरात आले. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या मोजणीची पट्टी ठरवून दिली. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून आकडा काढतात. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला म्हणजे अस्थिसुषिरता समजावी. तपासणीस काही मिनिटे लागतात, सुई टोचावी लागत नाही. पासष्टीनंतर प्रत्येक स्त्रीने, आणि पाळी लवकर गेली असल्यास, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असल्यास, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असल्यास किंवा एखादे हाड सहज मोडले असल्यास त्याआधीच, डॉक्टरांना याविषयी विचारावे. पुरुषांनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. त्यांची तूट उशिरा सुरू होते इतकेच.

आहाराचे म्हणाल, तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस २०१० साली दिवसाला ६०० मिलिग्रॅम ठेवली होती. २०२० साली ती १,००० केली आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी १,२००. आकडा मोठा वाटतो, पण तो आपल्या स्वयंपाकघरात बसतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात दहासुद्धा नसते. म्हणजे दोन मोठ्या भाकऱ्यांनी तिसरा हिस्सा भरला. दोन पेले दूध किंवा तेवढेच दही यांतून आणखी पावणेपाचशे मिळते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, चमचाभर तीळ, काट्यांसकट खाता येणारी लहान मासळी यांनी उरलेले पुरे करता येते. नाचणी भिजवून मोड आणून घेतली, तर तिच्यातील कॅल्शियम शरीराला अधिक सुलभ होते. आमच्या जोयड्याचे कंद चविष्ट आणि पोटभरीचे खरे, पण कॅल्शियमसाठी त्यांच्यावर विसंबू नये. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, म्हणून डाळी, अंडी, मासे हवेतच. तंबाखू, मिश्री आणि दारू यांचा हिशेब मात्र खर्चाच्या बाजूस मांडावा.

ऊन आपल्याकडे फुकट आहे, म्हणून त्याची किंमत नाही. काचेच्या खिडकीतून येणारे ऊन ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कामाचे नाही. ते थेट त्वचेवर पडले पाहिजे. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की उघड्यावर राहणाऱ्या सैनिकांत हे जीवनसत्त्व ठीक होते, आणि रुग्णालयात दिवस काढणाऱ्या खुद्द डॉक्टर-परिचारिकांत ते उणे होते. नाशिकचा गोषा गेला, पण शाळा, कचेरी आणि घर यांच्या भिंतींचा नवा गोषा आपण ओढून घेतला आहे. तथापि औषधाच्या दुकानात मिळणारी साठ हजार एककांची पुडी शेजारणीच्या सल्ल्याने घेत राहणे हा त्यावर उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एककांची मात्रा देऊन पाहिली. २०१० साली निष्कर्ष निघाला, की त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले. तेव्हा मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

व्यायामाचा अर्थ हंडा पुन्हा डोक्यावर घेणे असा नाही. हाडाला स्वतःच्या वजनाचा भार जाणवला पाहिजे: भरभर चालणे, जिने चढणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, सोसेल तेवढे वजन उचलणे. ऑस्ट्रेलियातच २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हाडे विरळ झालेल्या प्रौढ स्त्रियांना देखरेखीखाली आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास वजने उचलण्यास लावले. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता सुधारली. देखरेख हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्यांचा मणका आधीच दबला आहे, त्यांनी वाकून ओझे उचलू नये. आणि तोल सांभाळण्याचा सराव सर्वांनीच करावा, कारण न पडणे हे हाड न मोडण्याचे पहिले साधन. न्हाणीघरातील ओल, अंगणातील शेवाळ, रात्रीचा अंधार, जुना झालेला चष्मा आणि झोपेच्या गोळ्या, यांकडे प्रथम पाहावे.

औषधांचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. १९४१ साली बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनी दाखविले, की असे रुग्ण बहुतेक पाळी थांबलेल्या स्त्रियाच असतात. त्यावरून स्त्री-संप्रेरके देण्याची प्रथा पडली. २००२ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणी थांबवावी लागली. हाडे मोडण्याचे प्रमाण घटले होते, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले होते. तेव्हापासून तो उपाय निवडक स्त्रियांपुरताच उरला. दुसरी वाट निघाली ती पाण्याच्या नळांतून. नळांत क्षारांचा थर साचू नये म्हणून वापरात असलेल्या रसायनांवर विचार करताना स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांना १९६० नंतरच्या दशकात आढळले, की तशाच जातीची द्रव्ये हाडांची मोड रोखतात. त्या संशोधनातून पुढे आलेली अलेंड्रोनेट ही गोळी १९९५ साली अमेरिकेत मान्य झाली. वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे झोलेड्रोनेट २००७ साली आणि सहा महिन्यांनी टोचावयाचे डेनोसुमॅब २०१० साली आले. फार विरळ हाडांसाठी नवे हाड घडविणारी टेरिपॅराटाइडसारखी इंजेक्शनेही आहेत.

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी या वाटा आमच्यापुढे ठेवल्या. आठवड्याची गोळी स्वस्त, पण ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे लागते. आडवे झाल्यास अन्ननलिका भाजते. आईला आम्लपित्ताचा जुना त्रास. सहा महिन्यांचे इंजेक्शन चांगले, पण ते मध्येच सोडले तर मणके एकामागून एक दबण्याचा धोका असतो, आणि आमच्या गावाहून नेमाने जाणे जमेल याची शाश्वती नव्हती. म्हणून मूत्रपिंडाची व ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून, दातांची कामे आधी उरकून, तिनेच वर्षातून एकदा घ्यावयाचे औषध पसंत केले. या औषधांनी क्वचित जबड्याचे हाड बिघडते किंवा दीर्घकाळ घेतल्यास मांडीचे हाड वेगळ्या तऱ्हेने मोडते, हेही डॉक्टरांनी लपविले नाही. म्हणूनच तीन ते पाच वर्षांनी फेरविचार करावयाचा असतो. दुसऱ्या घरी दुसरी निवड योग्य ठरेल. एवढे मात्र खरे, की औषध हे आहार, ऊन आणि व्यायाम यांच्या जागी येत नाही. ते त्यांच्या सोबत येते.

आई आता काठी घेऊन चालते. रविवारच्या उपासनेत तिला गुडघे टेकता येत नाहीत. ती बाकावर बसून राहते, आणि त्याचे तिला वाईट वाटते. दुपारी मात्र ती अर्धा तास अंगणातल्या उन्हात बसते. घरात नाचणीची भाकरी परत आली आहे. पंचेचाळिशीच्या माझ्यासाठी ती आता गरिबाचे काळे अन्न राहिली नाही.

वर्गात मी मुलींना सांगते, की तुमच्या जलाशयाचा हा पावसाळा चालू आहे. आता भराल ते साठीत कामास येईल. आणि घरी गेल्यावर एक गोष्ट विचारा. आपल्या आजीचे, आईचे एखादे हाड साध्या पडण्याने कधी मोडले होते काय? उत्तर ‘होय’ असे आले, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.